पाठवणाऱ्याचा पत्ता

मजमुदार डॉक्टरबाई फिल्म उजेडाला लावतात.
यकृतावर सात ठिपके. हा, हा, आणि हा जरा मोठा.
"हे इथले नाहीत," म्हणतात, "दुसरीकडून आलेत."
कुठून?
त्या पेनचं टोपण लावतात. परत काढतात.
"तेच मिळत नाहीये."

बत्तीस वर्षं मी टपाल निवडलं, बाई.
आधी रात्रीच्या गाडीतला डबा,
आणंद, नडियाद, मेहमदाबाद,
हलत्या दिव्याखाली खणाखणांत पत्रं टाकत,
मग रावपुऱ्याचं मोठं पोस्ट.
शाई फुटलेली असो, शिक्का निम्माच उमटलेला असो,
गाव मी ओळखायचो.
तर मला दाखवा.

दाखवलं त्यांनी. काचेवर जांभळट डाग.
या पेशी इतक्या बदलल्यात
की घरची खूण अंगावर उरलेली नाही.
चार रंग लावून पाहिले, मग आणखी सहा.
एक म्हणाला आतडं असेल, एक म्हणाला स्वादुपिंड,
सही मात्र दोघांनीही केली नाही.

मग छाती, पोट, वरून नळी, खालून नळी.
किरणोत्सारी साखर टोचून
कुमुदला तासभर थंड खोलीत निजवलं,
हलायचं नाही, बोलायचं नाही.
आमच्या संसारात इतकी शांतता पहिल्यांदाच.
रिपोर्ट आले. सगळं स्वच्छ.
हा शब्द इतका वाईट मी कधी ऐकला नव्हता.

दारात ज्योत्स्नाबेन, हातात लीलो चिवडा.
"शेनुं केन्सर?"
साताऱ्याहून मेव्हणा फोनवर तेच विचारतो, कशाचा?
लोकांना अवयव लागतो.
अवयव कळला की दोष ठरवता येतो,
तंबाखू, जागरण, कुणाचं तरी रक्त.
माहीत नाही म्हटलं की वाटतं, लपवतोय.

हॉस्पिटलच्या फॉर्मवर एक रकाना होता: मूळ वतन.
सात पिढ्या बडोद्यात, त्याआधीचं
आमच्यात कुणालाच ठाऊक नाही.
दांडिया बाजार लिहिलं.
कारकुनानं चालवून घेतलं.

"कधी कधी," बाई म्हणाल्या,
"जिथून सुरू झालं ती गाठ शरीरच पुसून टाकतं.
कधी ती कणीएवढी असते,
पेशंट गेल्यावर उघडून पाहिलं तरी..."
आणि थांबल्या.
कुमुद पदराच्या टोकाला गाठ मारत होती.
मारली, सोडली, परत मारली.

त्या रात्री मला सत्त्याऐंशी सालातलं एक पाकीट आठवलं.
पाठवणाऱ्याची जागा पावसानं धुतलेली,
शिक्क्याचा नुसता निळा चट्टा.
तीन दिवस मी ते भिंगाखाली घेऊन बसलो, हट्टानं.
शेवटी झवेरीसाहेब मागं येऊन उभे राहिले.
म्हणाले, अरे भल्या माणसा,
घेणाऱ्याचं नाव वाच की.
ते तर स्वच्छ आहे.

सोमवारी पहिली बाटली.
दोन औषधं, बऱ्याच घरांना लागू पडतील अशी,
बाई म्हणाल्या, अंदाजानं देतोय,
पण अंदाज अगदीच हवेतला नाही.
मी विचारलं नाही, किती.

येताना काळ्या घोड्याच्या पुलावर कुमुदनं रिक्षा थांबवायला लावली.
तिला मगर बघायची होती.
खाली विश्वामित्री, शेवाळी, जड,
काठावर प्लास्टिक, एक बगळा.
मागून हॉर्न.
मी म्हटलं, नाही दिसत, चल.
"असेल," ती म्हणाली, "दिसत नाही म्हणजे नाही का?"
आणि थोडं पुढं झुकून
बघतच राहिली.
मी तिचा दंड धरला होता,
सुईच्या कापसाच्या जरा वर,
आणि भैयाला म्हणालो, थांब,
मीटर चालू राहू दे.